आधी वजन करा, मग खत करा

(पुण्यात झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, विषय नेहमीचाच असणार. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी कशी मिळवायची, मुलाखतीत काय विचारतात, एआयमुळे आपल्या नोकऱ्या राहणार की जाणार. मी इंजिनिअर आहे, बारा वर्षं या क्षेत्रात आहे, त्यामुळे तरुणांसमोर मला बहुतेक वेळा हेच बोलायला सांगतात. या वेळी मात्र ते म्हणाले, "तुमच्या घरच्या कचऱ्यावर बोला." मी म्हटलं, "त्यावर काय बोलणार?" ते म्हणाले, "तुम्ही तो तोलून टाकता असं ऐकलंय."

खरं आहे ते. गेली दोन वर्षं आमच्या घरचा ओला कचरा वजन करून टाकला जातो. तुम्ही हसताय, हसा. आमचे शेजारीही हसले होते.

मी कोंढव्यात राहतो. तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आणि एक बाल्कनी. घरात पाच माणसं: अब्बा, अम्मी, मी, माझी पत्नी आणि आमची सात वर्षांची मुलगी. पत्नी शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात कचऱ्याची एकच बादली होती. कांद्याची सालं, दुधाची पिशवी, औषधाचं रिकामं पाकीट, रात्रीचा उरलेला भात, सगळं एका पिशवीत. पिशवीला गाठ मारली, दाराबाहेर ठेवली, संपला विषय. मग एक दिवस सोसायटीच्या फलकावर सूचना लागली: ओला आणि सुका कचरा वेगळा दिला नाही, तर उचलला जाणार नाही.

ही सूचना म्हणजे काही सोसायटीची लहर नव्हती. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार प्रत्येक घराने कचरा देतानाच तो वेगळा करून द्यायचा होता. ओला वेगळा, सुका वेगळा, आणि घरातला घातक कचरा, म्हणजे बॅटऱ्या, संपलेली औषधं, ट्यूबलाइट वगैरे, तोही वेगळा. नियम येऊन इतकी वर्षं झाली होती. आमच्या घरी तो त्या फलकावरून पोहोचला.

आता इंजिनिअर माणसाला एखादं काम सांगितलं की तो काय करतो? साधं काम असलं तरी आधी त्याचा प्रकल्प करतो. मी दोन रात्री व्हिडिओ पाहिले. एकावर एक बसणारे तीन डबे मागवले, कोकोपीट मागवलं, कल्चर मागवलं. घरच्यांना जाहीर केलं की यापुढे आपला ओला कचरा घराबाहेर जाणार नाही, बाल्कनीतच त्याचं खत होईल.

पंधरा दिवसांत बाल्कनीचं दार उघडेना. म्हणजे उघडत होतं, पण कुणी उघडू देत नव्हतं. वास! शिवाय अळ्या. मुलगी म्हणाली, "अब्बू, डबा हलतोय."

ज्यांना खत करायचं आहे त्यांच्यासाठी, मी चुका करून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त असतो. वाळलेली पानं, लाकडाचा भुसा, कोकोपीट, फाडलेला पुठ्ठा यांत कार्बन जास्त असतो. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नायट्रोजनामागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन लागतो. घरी हे मोजत बसायचं नसतं. एक वाटी ओला कचरा टाकला की वर वाटीभर सुकी पानं किंवा भुसा टाकायचा, बस. मूठभर माल घेऊन दाबून पाहायचा. पिळलेल्या स्पंजासारखा ओलसर लागला तर ठीक. पाणी टपकलं तर सुकं घाला, भुरभुरला तर पाणी शिंपडा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर समजा की आत हवा नाही: ढवळा आणि सुकं घाला. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर हिरवा माल जास्त झालाय, इलाज तोच. त्या जाड, करड्या अळ्या असतात ना, त्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. नको असतील तर डब्यातला ओलावा कमी करा आणि वर सुक्या पानांचा जाड थर ठेवा.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतो, मांस-मासळीचा. खताच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये हे घरात शिजतच नाही असं धरलेलं असतं. अंड्याची टरफलं चुरून टाकली तर चालतात. कोंबडीची छोटी हाडं कुजायला फार वेळ घेतात, ती शेवटी चाळणीत वर राहतात, पुन्हा डब्यात टाकायची. मटणाची मोठी हाडं, चरबी, माशांचे खवले आणि पोटातली घाण बाल्कनीतल्या डब्यात टाकू नका. वास येतो, उंदीर येतात, आणि शेजारी भांडायला येतात ते वेगळंच. ते ओल्या कचऱ्याच्या बादलीतूनच द्या. तेलकट, खारट रस्साही डब्यात ओतू नका.

हे सगळं जमायला लागलं. तीन महिन्यांनी खालचा डबा उघडला तर आत काळी, भुसभुशीत माती, पहिल्या पावसासारखा वास. मी त्यात पुदिना लावला. फोटो काढला, खानदानच्या ग्रुपवर टाकला. खाला, फुफी, चुलतभाऊ, सगळ्यांचे अंगठे आले. मी फोन घेऊन अम्मीकडे गेलो. अम्मी मिरजेकडची, रागावली की दख्खनीत बोलते. तिने फोटो पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "खाना सडाको इत्ता खुश होरा क्या रे?"

मी समजावायला लागलो की अम्मी, काही वाया जात नाही, सगळ्याची माती होते, चक्र पूर्ण होतं. ती म्हणाली, "साठ रुपये किलोच्या तांदळाची तू दहा रुपयांची माती केलीस. त्या डब्यात रोज काय पडतं ते मला दिसतं. तुला फक्त माती दिसते."

आज मी खरं तर एवढंच सांगायला आलोय. खत करणं चांगलंच आहे. पण खताच्या डब्याने मला एक सोय करून दिली होती. पूर्वी उरलेला भात कचऱ्यात टाकताना हात थोडा तरी अडखळायचा. डबा आल्यावर तो अडखळेनासा झाला. टाक डब्यात, खतच होणार आहे! आमच्या घरात खत सुरू झाल्यावर अन्न कमी वाया जाऊ लागलं नव्हतं. उलट मला शंका आहे की ते वाढलं होतं. शंका म्हणतो, कारण तोवर मी काहीच मोजलेलं नव्हतं. कामावर आम्ही एकमेकांना सांगतो की मोजल्याशिवाय दुरुस्ती करू नका. घरी मात्र मी न मोजताच तीन डबे विकत घेतले होते.

मग स्वयंपाकाचा साधा वजनकाटा ओट्यावर आणला. शेजारी दोन डबे ठेवले. पहिल्यात जे खाताच येत नव्हतं ते: सालं, देठ, चहाचा चोथा, हाडं, टरफलं. दुसऱ्यात जे कधीतरी खाता आलं असतं ते: भात, चपात्या, रस्सा, सडलेले टोमॅटो, पिवळी पडलेली कोथिंबीर, ताटात टाकलेले घास. रात्री दोन्ही तोलायचे आणि फ्रिजवर लावलेल्या कागदावर लिहायचं. कुणाला काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं.

पहिल्या आठवड्याचा आकडा आला ६ किलो ४०० ग्रॅम. त्यातले ४ किलो १०० ग्रॅम पहिल्या डब्यातले. उरलेले २ किलो ३०० ग्रॅम म्हणजे सरळ सरळ अन्न होतं. आठवड्याला २ किलो ३०० ग्रॅम, तर वर्षाला झाले जवळजवळ १२० किलो. आमचं घर काही उधळं नाही. अब्बा एसटीत नोकरीला होते, अम्मीने काटकसरीत दिवस काढले. तरीही हा आकडा.

आपण एकटे नाही, हेही सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये अन्नाच्या नासाडीवर अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून वाया गेलं, आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज आहे माणशी वर्षाला ५५ किलो, यात सालं-हाडंही धरलेली आहेत. म्हणजे पाच माणसांच्या घराला आठवड्याला सव्वापाच किलोच्या आसपास. आम्ही सरासरीच्या वर होतो.

तुम्ही म्हणाल, अन्न आहे, प्लास्टिक तर नाही ना, कुजून जाईल. प्रश्न आहे कुठे कुजणार याचा. उघड्यावर थोडं अन्न कुजलं तर हवा लागते. कचरा डेपोच्या डोंगरात ते खाली दबतं, तिथे हवा नसते, आणि हवेविना कुजलं की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो. तो पेटतोही. त्याच ओल्या कचऱ्याचं काळं पाणी झिरपून विहिरींत उतरतं. पुणेकरांनी आपला कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला नेऊन टाकला. तिथल्या गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला कळलं की आपला कचरा कुणाच्या तरी दारात जाऊन पडतो.

मुंबईत देवनार आहे. १९२७ पासून तिथे कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, धूर कित्येक दिवस राहिला, अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांतही तो दिसला. आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. देवनारच्या पायथ्याशी कोण राहतं? गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तिथे आहेत, माझेही आहेत. आपल्या वस्त्यांना साफसफाई मिळत नाही, गाडी वेळेवर येत नाही, ही आपली तक्रार खरी आहे आणि ती आपण जोरात मांडली पाहिजे. पण महापालिकेकडे जाताना आपली बाजूही थोडी बळकट असली तर बरं. ज्या डोंगराचा धूर आपली माणसं घेतात, त्यात आपल्या दावतींची बिर्याणीही आहे.

आता घरात काय बदललं ते सांगतो. महिनाभराचे आकडे समोर आले तेव्हा दिसलं की दुसऱ्या डब्यात तीनच गोष्टी जास्त होत्या: भात, चपात्या आणि फ्रिजमध्ये मागे विसरलेली भाजी.

भाताचं कारण होतं वाटी. अम्मी हाताच्या अंदाजाने तांदूळ घ्यायची. तो अंदाज सात माणसांच्या काळातला होता. आता आम्ही दोन भाऊ वेगळ्या घरात, दादी राहिली नाही, पण अंदाज तोच राहिला. आम्ही एक वाटी ठरवली आणि ती तांदळाच्या डब्यातच ठेवली. शिजल्यावर भाताचं वजन अडीच-तीन पट होतं, त्यामुळे एक वाटी जास्त पडली की रात्री तीन वाट्या उरतात. आणि एक किलो तांदूळ पिकवायला काही हजार लिटर पाणी लागतं, हे मराठवाड्यातून आलेल्या मुलांना मी सांगायला नको.

चपात्यांचं कारण होतं की घरी कोण जेवणार हे कुणी सांगतच नव्हतं. मी ऑफिसमध्ये खाऊन यायचो आणि फोन करायचो नाही. म्हणजे त्या चार चपात्या अम्मीच्या नव्हत्या, माझ्या होत्या. आता संध्याकाळी पाचच्या आत ग्रुपवर लिहायचं: जेवणार की नाही. तरी उरल्या तर दुसऱ्या दिवशी गूळ-तूप घालून मलिदा, नाहीतर कांदा-मिरचीची फोडणी. यात नवीन काही नाही, दादी हेच करायची. आपण मधल्या काळात विसरलो. भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तास-दोन तासांत थंड करून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर वाचवलेलं अन्न पोट बिघडवेल.

भाजीसाठी फ्रिजचा वरचा, डोळ्यांसमोरचा कप्पा "आधी हे" म्हणून ठेवला. जे लवकर खराब होणार ते तिथे. ते संपल्याशिवाय बाजारात जायचं नाही. कोथिंबीर कोरडी करून कागदात गुंडाळली की आठवडाभर टिकते.

पण सगळ्यात अवघड होती अम्मीची भीती. ती म्हणायची, "अचानक पाहुणा आला तर?" मित्रांनो, या वाक्यावर हसू नका. आपल्या घरांत भांडं रिकामं असणं ही लाजेची गोष्ट समजतात. दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, हा आपल्या अम्मी-दादींचा मान आहे, आणि तो आकडे दाखवून घालवता येत नाही, घालवूही नये. माझे तक्ते पाहून ती ऐकली नाही. माझ्या पत्नीने मार्ग काढला. ती म्हणाली, "अम्मी, पाहुण्यासाठी आपण रोज शिजवून नको ठेवायला, रोज तयारी ठेवू." आता घरात अंडी, भिजवायला पीठ, मसूर आणि कापलेला कांदा कायम असतो. पाहुणा आला की वीस मिनिटांत दस्तरखान लागतं, तेही गरम. अम्मीचा मान राहिला आणि भातही वाचला.

पत्नीचा विषय निघाला म्हणून एक कबुली देतो. पहिल्या वर्षी मी दहा दिवसांसाठी कामानिमित्त बंगळूरला गेलो. परत आलो तर खताचा डबा अगदी नीट. मी म्हटलं, "वा, आता हा आपोआप चालतो." ती शांतपणे म्हणाली, "आपोआप नाही. तू इथे असतोस तेव्हाही तो मीच ढवळते. तू फोटो काढतोस." मी आठवून पाहिलं. तिचंच खरं होतं. डबे मी आणले, भाषणं मी दिली, आणि शाळेतून आल्यावर रोजचं एक नवं काम तिच्या वाट्याला आलं. इथे बसलेल्या मुलांना मी मुद्दाम सांगतो: घरातल्या बाईचं काम वाढवून पर्यावरण वाचवायला निघू नका. कचरा वेगळा करणं, तोलणं, डबा ढवळणं, बादली धुणं, ही कामं आता आमच्याकडे माझी आहेत. फ्रिजवरच्या कागदावर माझी सही असते. चुकलो तर मुलगी लाल पेनाने गोल करते.

तीन-चार महिन्यांत आकडा ४ किलो ३०० ग्रॅमवर आला, आणि दुसऱ्या डब्यात जेमतेम अर्धा किलो. मी खूश. आणि मग रमजान आला.

रमजानच्या पहिल्या आठवड्याचा आकडा: ९ किलो १०० ग्रॅम. रोजे ठेवायचे, आणि कचरा दुप्पट! कागद पाहून अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. इसराफ हा शब्द आपण जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकतो. खाण्यापिण्यातली उधळपट्टी नापसंत आहे हे आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणापासून माहीत आहे. तरी आमच्याच घरात, त्याच महिन्यात, हा आकडा. मग कारणं शोधली. एक, आम्ही असरनंतर, भुकेल्या पोटी बाजारात जात होतो, आणि भुकेला माणूस डोळ्यांनी खरेदी करतो. दोन, सगळी फळं एकदम कापत होतो. इफ्तारला खजूर, पाणी आणि दोन भजी खाल्ली की पोट भरतं, कापलेलं कलिंगड तसंच राहतं. तीन, आम्ही सहा घरांत इफ्तारीची ताटं पाठवत होतो आणि त्याच सहा घरांतून आमच्याकडे सहा ताटं येत होती. सगळ्यांकडे सगळ्यांची भजी, आणि सकाळी सगळ्यांच्या बादलीत.

आम्ही काय केलं? खरेदी इफ्तारनंतर, यादी करून. फळं अर्धी मगरिबला आणि अर्धी तरावीहनंतर कापायची. आणि ताटांचं वळण बदललं: सहा शेजाऱ्यांशी बोलून ठरवलं की रोज एका घराने सगळ्यांना पाठवायचं. पहिल्या दिवशी एका खालांना वाईट वाटलं, त्यांना वाटलं आम्ही संबंध तोडतोय. आठवड्याने त्याच म्हणाल्या की पाच दिवस भजी तळण्यातून सुटका झाली, आता इबादतीला वेळ मिळतो. शेवटच्या आठवड्यात आमचा आकडा ५ किलोच्या जवळ आला.

बकरी ईदबद्दल एकच गोष्ट. कुर्बानीचे टाकाऊ अवयव, रक्त लागलेलं गवत, कातडीचे तुकडे रोजच्या कचऱ्यात किंवा नाल्यात अजिबात जाऊ नयेत. त्या दिवसांत महापालिका वेगळी गाडी किंवा जागा देते का ते आधी विचारून ठेवा, नसेल तर मोहल्ल्याने मिळून आधीच अर्ज द्या. ईदच्या तिसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतून नाक दाबून जाणाऱ्या माणसाला आपण कितीही चांगली पुस्तकं दिली, तरी तो त्या गल्लीवरूनच आपल्याबद्दल मत बनवणार.

आता माझं अपयशही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही सगळं जिंकलं. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. वलीम्याला आम्ही ४०० माणसांची बिर्याणी सांगितली. मी, वजनकाटावाला इंजिनिअर, कोण येणार हे नीट विचारलंच नाही. आग्रह करून कसं विचारायचं, ही भीड. पावणेतीनशे लोक आले. रात्री साडेअकराला दोन देगा उरलेल्या. मी फोन करत सुटलो. अन्न नेणारे लोक म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं, इतक्या उशिरा गाडी नाही." थोडी आम्ही रिक्षातून वाटली. उन्हाळा होता, पहाटेपर्यंत बाकीची आंबली. त्या रात्री जे टाकलं, ते आमच्या वर्षभराच्या बचतीपेक्षा जास्त होतं. अम्मी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून दावतीसाठी तीन कामं लिहून घ्या. दोन दिवस आधी फोन करून माणसं मोजा, यात अपमान नाही. आचाऱ्याला सांगा की शेवटची देग पाहुण्यांचा अंदाज आल्यावरच चढवायची. आणि जास्तीचं अन्न नेणाऱ्या संस्थेशी आधीच वेळ ठरवा, न वाढलेलं अन्न गरम असतानाच वेगळं काढून ठेवा.

शेवटचा मुद्दा हातांचा. आमच्या इमारतीत कचरा घ्यायला एक मावशी येतात. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. त्यातूनच पुढे "स्वच्छ" ही सहकारी संस्था झाली, आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात. सुका कचरा विकून येणारे पैसे त्यांचे असतात. म्हणजे तुमची दुधाची पिशवी धुऊन दिली तर तिचे पैसे होतात, रश्श्यात बुडवून दिली तर नाही. मी एकदा मावशींना विचारलं, "आमच्या कचऱ्यात काही फरक पडला का?" त्या म्हणाल्या, "तुमच्या मजल्यावर आता हात घालायला भीती वाटत नाही." मी विचारलं, भीती कसली? त्यांनी तळहात दाखवला. भाताच्या पिशवीत कुणीतरी फुटलेला ग्लास टाकला होता. आमच्याच मजल्यावरचा. आमच्या घरातला नव्हता हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, कारण त्या काळात आमची एकच पिशवी असायची.

तेव्हा काच कागदात गुंडाळून, वर लिहून द्या. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावं लागत नाही. याला पैसे लागत नाहीत, बाल्कनी लागत नाही.

बाल्कनीचं मुद्दाम म्हणतो. तुमच्यातले काही जण दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहत असाल. खताचे डबे कुठे ठेवणार? नका ठेवू. खत ही तिसरी पायरी आहे. पहिली पायरी, वाया घालवू नका. दुसरी, जे उरेल ते वेगळं द्या. या दोन पायऱ्या खोलीतही जमतात, हॉस्टेलवरही जमतात. तिसरीसाठी चार घरांनी मिळून गच्चीवर किंवा मशिदीच्या आवारात परवानगीने एक पिंप ठेवता येतं.

माझी विनंती एकच आहे. आज घरी जाऊन डबे मागवू नका. सात दिवस फक्त तोला. काटा नसेल तर वाटीने मोजा. दोन डबे, एक कागद. कुणाला बोलू नका, अम्मीला तर अजिबात नाही. सात दिवसांनी तो कागद तुमच्याशी बोलेल, आणि त्यातल्या कुठल्या चपात्या तुमच्या आहेत ते तुम्हाला कळेल. पुढच्या शिबिरात कागद घेऊन या, मी आमचा आणतो. या आठवड्याचा आमचा आकडा ४ किलो ६०० ग्रॅम आहे, म्हणजे पुन्हा थोडा वाढलाय. कारण मी तीन दिवस पाचच्या आत मेसेज केला नाही. मुलीने लाल गोल केले आहेत.

आता प्रश्न विचारा. अळ्यांबद्दलही विचारा, लाजू नका.